सांगायचं कोणी? २००४ सालचा सिनेमा आणि ‘श्वास’

फेब्रुवारी २००५मध्ये लॉस एंजेलिसला ऑस्कर पारितोषिकं जाहीर झाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक क्लिंट ईस्टवुडच्या ‘मिलियन डॉलर बेबी’ला मिळालं, तर परभाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ला. पहिल्याची नायिका मुष्टियुद्ध खेळणारी आणि मानेखालचं सगळं शरीर लुळं पडलेली. दुसऱ्याचा नायक म्हणजे खरोखर होऊन गेलेला रामोन साम्पेद्रो. १९६८ साली, पंचविशीत, समुद्रात सूर मारताना त्याची मान मोडली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं तो अंथरुणावरून मरणाचा हक्क मागत राहिला. दोघांचं मागणं एकच आहे: हे शरीर माझं आहे, त्याचं काय करायचं ते मला ठरवू द्या. एकाच रात्री, दोन भाषांतल्या दोन सिनेमांनी एकच प्रश्न विचारला आणि दोघांचाही गौरव झाला. काही महिने मागे गेलं की हा प्रश्न आणखी दोन ठिकाणी भेटतो. सप्टेंबर २००४मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह माइक ली यांच्या ‘व्हेरा ड्रेक’ला मिळाला. १९५०च्या लंडनमध्ये अडलेल्या बायकांचा चोरून गर्भपात करून देणाऱ्या एका घरकाम करणाऱ्या बाईची ती गोष्ट. त्याआधी मे महिन्यात कान महोत्सवात ‘अन सर्तन रिगार’ विभागाचं पारितोषिक ‘मूलादे’ला मिळालं होतं. ऐंशी ओलांडलेल्या सेनेगलच्या उस्मान सेंबेन यांनी त्यात मुलींच्या जननांगाची काटछाट करण्याच्या प्रथेविरुद्ध उभी राहिलेली एक आफ्रिकी बाई दाखवली. आणि याच मोसमात भारताने ऑस्करसाठी पाठवला तो संदीप सावंत यांचा मराठी ‘श्वास’. कोकणातल्या खेड्यातला एक आजोबा आपल्या नातवाला डोळ्याच्या दुखण्यासाठी शहरात आणतो. तिथे कळतं की तो डोळ्यांचा कर्करोग आहे. मूल वाचवायचं तर डोळे काढावे लागतील.

या रांगेत ‘श्वास’चा उल्लेख आपल्याकडे होतो तो बहुतेक वेळा पुरस्काराच्या ओघात. १९५४ साली, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी तो मान पुन्हा मराठी सिनेमाकडे आला. अश्विन चितळेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ऑस्करच्या प्रचाराचा खर्च भागवायला महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली, आणि शेवटच्या पाचांत सिनेमाचं नाव आलं नाही. एवढ्यावर गोष्ट संपवली तर हाती लागतो तो अभिमान आणि थोडी हळहळ. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या वर्षी जगभरच्या सिनेमाने ‘शरीर कोणाचं आणि निर्णय कोणाचा’ हा प्रश्न धरला होता. ‘श्वास’ने त्याच्याही आधीच्या पायरीवरचा प्रश्न विचारला: ज्याचं शरीर आहे त्याला सांगायचं कोणी, आणि कसं? निर्णय घेण्याइतकं वय नसलेल्या माणसाला जाणून घेण्याचा हक्क आहे का? हा प्रश्न साम्पेद्रोच्या प्रश्नाहून लहान नाही. काही बाबतींत तो अधिक अवघड आहे.

इथे पहिला आक्षेप येतो तो वर्षावरच. २००४ साली इतरही पुष्कळ सिनेमे आले. कानचा सर्वोच्च मान मायकल मूर यांच्या ‘फॅरनहाइट ९/११’ या राजकीय माहितीपटाला मिळाला. जर्मनीने हिटलरचे अखेरचे दिवस दाखवणारा ‘डाउनफॉल’ केला, चीनमधून ‘हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’ आला, पॅरिसच्या रस्त्यांवर दोन माणसं बोलत चालतात एवढ्यावर उभा असलेला ‘बिफोर सनसेट’ही त्याच वर्षाचा. मग सोयीचे चारपाच सिनेमे निवडून ‘वर्षाचा प्रश्न’ असं म्हणणं म्हणजे आधी माळ ठरवून मग मणी शोधणं नाही का? आक्षेप बराचसा खरा आहे. दिनदर्शिका सिनेमाला आकार देत नाही. ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही मुळात २००३ सालच्या चित्रपटांसाठीचा, जाहीर मात्र २००४मध्ये झालेला. पण हे सिनेमे एका वेळी येण्याला निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण हा प्रश्न तेव्हा पडद्याबाहेरही पेटलेला होता. नेदरलँड्स आणि बेल्जियम या दोन्ही देशांत इच्छामरणाचे कायदे २००२ साली लागू झाले. अमेरिकेत टेरी शायव्हो या बेशुद्धावस्थेतल्या बाईची अन्न पुरवणारी नळी काढायची की ठेवायची यावर २००३पासून न्यायालय, विधिमंडळ आणि गव्हर्नर यांच्यात ओढाताण चालली होती. आपल्या मुंबईत, केईएमच्या एका खोलीत, १९७३च्या हल्ल्यानंतर निपचित पडलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना तोवर तीस वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो पुढे २०११ साली. कायद्याला ज्याचं उत्तर नीट देता येत नव्हतं, ते कलावंत चाचपून पाहत होते, इतकाच माझा दावा आहे.

आता ‘श्वास’कडे. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा सिनेमा. अरुण नलावडे यांचा केशव विचारे हा आजोबा, अश्विन चितळेचा परशुराम म्हणजे परश्या, संदीप कुलकर्णी यांचे डॉक्टर साने आणि अमृता सुभाष यांची इस्पितळातली समाजसेविका आसावरी. परश्याचा आजार आहे रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर होणारा हा कर्करोग साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांत एखाद्या मुलाला होतो आणि बहुतेकदा पाच वर्षांच्या आत दिसून येतो. बाहुलीत पांढरी चमक दिसणं ही त्याची ओळखीची खूण. फोटोत एक डोळा लाल आणि एक पांढरा आला म्हणून आईबापांनी तो ओळखल्याची उदाहरणं वैद्यकात पुष्कळ आहेत. वेळेत कळला तर आज या आजारातून वाचण्याचं प्रमाण फार चांगलं आहे. उशीर झाला, गाठ डोळ्याबाहेर जाऊ लागली, की प्राण वाचवण्यासाठी डोळा द्यावा लागतो. सिनेमातला परश्या या आजाराच्या बहुतेक रुग्णांपेक्षा मोठा दिसतो. वैद्यकाच्या दृष्टीने कोणी यावर बोट ठेवू शकेल. पण कथेसाठी हे वय फार नेमकं आहे, असं मला वाटतं. दोन वर्षांच्या बाळाला सांगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परश्या मात्र बोलतो, खोड्या काढतो, प्रश्न विचारतो, आजूबाजूच्यांचे चेहरे वाचतो. त्याच्यापासून लपवणं शक्य आहे, पण त्यासाठी प्रत्येक मोठ्या माणसाला रोज खोटं वागावं लागेल.

डॉक्टर साने इथेच अडून बसतात. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला काय होणार ते कळलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह आहे. लक्षात घ्या, कायद्याने त्यांना याची गरज नव्हती. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८९नुसार बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाची संमती पुरेशी होती. आजोबांचा अंगठा किंवा सही मिळाली की कागद पूर्ण झाला. म्हणजे सिनेमा कायद्याच्या पुढे एक पाऊल टाकून उभा आहे. पण हे पाऊल हवेतलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने १९८९ साली, आपल्या बाराव्या कलमात, मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं मत ऐकलं जावं असं म्हटलं आणि १९९२ साली भारताने ती संहिता स्वीकारली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९५मध्ये पालकाची परवानगी आणि मुलाची स्वतःची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं स्पष्ट लिहून ठेवलं. ‘श्वास’मध्ये यातलं एकही नाव येत नाही, आणि ते बरंच आहे. तत्त्व इथे एका घाईत असलेल्या, काहीशा तुटक बोलणाऱ्या सर्जनच्या तोंडून येतं आणि ते अमलात आणण्याचं ओझं मात्र खेड्यातल्या म्हाताऱ्यावर पडतं. सिनेमाची सगळी वेदना या दोन टोकांत आहे. ज्याला सांगावं असं वाटतं त्याच्याकडे वेळ नाही, आणि ज्याच्याकडे माया आहे त्याच्याकडे शब्द नाहीत.

मधल्या जागेत आसावरी आहे. तिच्याकडे समीक्षेचं फारसं लक्ष गेलेलं नाही. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये उभा राहणारा हा पेशा आपल्याकडे मुंबईत सुरू झाला. १९३६ साली स्थापन झालेल्या, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून अशा कामाचं शिक्षण मिळू लागलं आणि १९४६मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली अशी नेमणूक झाली. सरकारी रुग्णालयांत या पदाचं नाव आहे ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’. नाव जड आहे, काम मात्र नाजूक: बिल माफीचा अर्ज भरून देण्यापासून ते पाय कापावा लागणार हे बायकोला समजावण्यापर्यंत. ‘श्वास’मधली आसावरी हे काम करताना चाचपडते आणि तिचं चाचपडणं सिनेमा झाकत नाही. सांगण्याचं कौशल्य असलेलं माणूसही इथे थबकतं, हे दाखवण्यात प्रामाणिकपणा आहे.

हा प्रश्न किती जवळचा आहे हे पाहायला कोकणापर्यंत जायची गरज नाही. मुंबईला उत्तरेकडून लागून असलेल्या मीरा-भाईंदरची महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ला अस्तित्वात आली, म्हणजे ‘श्वास’ आला तेव्हा ती दोन वर्षांची होती. २००१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजारांच्या आसपास होती, ती २०११पर्यंत ८ लाख ९ हजारांवर गेली. इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, पण दुखणं मोठं निघालं की वाट अजून दक्षिणेकडेच जाते. उत्तनच्या कोळीवाड्यातून बसने भाईंदर स्टेशन, तिथून लोकलने दादर, तिथून परळ. केईएम १९२६पासून आणि टाटा रुग्णालय १९४१पासून तिथे उभं आहे. केस पेपर काढणं, रांगेत बसणं, रिपोर्टची पिशवी छातीशी धरून परतीची गाडी पकडणं, हा विचारे आजोबांचाच प्रवास आहे, फक्त होडीऐवजी लोकलचा. या शहरात आगरी, कोळी आणि ख्रिस्ती गावठाणं आहेत, गुजराती-मारवाडी वस्ती आहे, उत्तर भारतातून आलेली कुटुंबं आहेत, कोकणातून आणि देशावरून उठून आलेले मराठी भाडेकरू आहेत. तपासणीच्या खोलीत भाषेचा दुभाषी लागतो आणि ते काम पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या मुलाकडे येतं. डॉक्टर मुलाला सांगतात, मूल आजीला सांगतं. अशा वेळी ‘मुलाला काय कळतंय’ हे वाक्य किती पोकळ आहे ते उघड दिसतं. आणि तरीही खोलीच्या दाराबाहेर, कोणत्याही भाषेत, तीच विनंती होत राहते: पेशंटला काही सांगू नका. मोठ्या माणसालाही सांगू नका. ‘गाठ’ म्हणा, ‘कॅन्सर’ म्हणू नका.

ही विनंती प्रेमातून येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच ‘श्वास’ला दुष्ट माणूस लागत नाही. इथे त्याची तुलना ‘मूलादे’शी करून पाहावी. त्या सिनेमात सहा मुली काटछाटीच्या विधीतून पळून जातात. चौघी कोले नावाच्या बाईच्या आश्रयाला येतात आणि ती दारात एक रंगीत दोरी बांधते. ती ओलांडून आत यायचं नाही, हा जुना संकेत. गावातले पुरुष उत्तर म्हणून बायकांचे रेडिओ गोळा करून जाळतात. सेंबेन यांनी ही जी जोडी लावली तिचं मला फार महत्त्व वाटतं. दोरी शरीराचं रक्षण करते, रेडिओ कानांपर्यंत बातमी आणतो, आणि गावच्या सत्तेला दोन्ही सारखेच धोक्याचे वाटतात. तिथले वडीलधारेही ‘मुलींच्या भल्यासाठी’ असंच म्हणतात. मग प्रश्न पडतो की मुलाच्या शरीराचा भाग ‘त्याच्या भल्यासाठी’ काढणाऱ्या दोन प्रसंगांत फरक काय? एकात रूढी आहे आणि दुसऱ्यात वैद्यक, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. वैद्यकही न सांगता, न विचारता, फक्त ‘आम्हाला कळतं’ एवढ्यावर चालू लागलं, तर बाहेरून ते रूढीसारखंच दिसू लागतं. डॉक्टर साने परश्याला कळू द्या म्हणून अडतात, तेव्हा ते हा फरक जपत असतात. त्याच वर्षी कानमध्ये चौदा वर्षांच्या युया यागिराला अभिनयाचं पारितोषिक मिळालं तो कोरे-एदा यांचा ‘नोबडी नोज’ न सांगण्याची दुसरी बाजू दाखवतो. टोकियोत आई चार मुलांना घरात सोडून जाते, कुठे आणि का ते नीट सांगत नाही, आणि थोरला मुलगा धाकट्यांसाठी तिच्या गैरहजेरीवर पांघरूण घालत राहतो.

दुसरा आक्षेप सिनेमाच्या घडणीवर घेतला जातो. ‘श्वास’ रडवतो, पार्श्वसंगीत भावनेला ढकलतं, मूल गोड आहे, म्हातारा सज्जन आहे, आणि ‘द सी इनसाइड’सारखी मांडणीची झेप त्यात नाही. यातलं काही मी मान्य करतो. त्याचे दिग्दर्शक अमेनाबार यांचा कॅमेरा साम्पेद्रोच्या अंथरुणावरून खिडकीबाहेर झेपावून समुद्रापर्यंत उडत जातो. तशी कल्पना ‘श्वास’मध्ये नाही. पण रडवणं हा आपोआप दोष ठरत नाही. पाहायचं असतं ते रडू कशावर येतं. ‘श्वास’मध्ये ते डोळे जाण्यावर जितकं येतं, त्याहून जास्त आजोबांच्या तोंडून शब्द न फुटण्यावर येतं. नलावडे यांनी ही भूमिका खांदे, हात आणि थांबण्यातून केली आहे. ती दया मागत नाही. आणि झेप म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेच्या ‘यस्टरडे’मध्येही ती नाही. शेवटच्या पाचांत पोचलेल्या या झुलू भाषेतल्या सिनेमात एक बाई आजारी अवस्थेत कितीतरी वाट तुडवत दवाखान्यात जाते आणि तिची पाळी येण्याआधी डॉक्टरांची वेळ संपते. साधेपणा तिथे बळ ठरतो. मग मराठी खेडुताच्या बाबतीत तोच उणेपणा का मानावा?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो अंध व्यक्तींच्या बाजूने येतो. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा परश्याला इस्पितळातून गुपचूप बाहेर नेतात आणि शहर दाखवून आणतात. जग शेवटचं पाहून घे, हा त्याचा अर्थ. म्हणजे दृष्टी गेली की जग गेलं, असं सिनेमा म्हणतो का? ‘मिलियन डॉलर बेबी’वर अमेरिकेतल्या अपंगांच्या संघटनांनी याच मुद्द्यावर टीका केली होती. लुळं शरीर म्हणजे संपलेलं आयुष्य, हे गृहीत धरूनच तो शेवट रचला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला पटतं. इराकी कुर्दिस्तानात चित्रित झालेल्या, त्याच वर्षीच्या बहमन घोबादी यांच्या ‘टर्टल्स कॅन फ्लाय’मध्येही एक दृष्टिहीन बाळ आहे आणि युद्धाने पिचलेल्या त्या छावणीत त्याच्या वाट्याला मरण येतं. या दोघांच्या शेजारी ठेवलं की ‘श्वास’चं वेगळेपण डोळ्यांत भरतं. त्याचा शेवट मृत्यूकडे जात नाही. इथे शस्त्रक्रिया म्हणजे जगायला मिळालेली मुदत आहे. त्यातली ‘शेवटचं पाहणं’ ही कल्पना डोळस माणसाच्या भीतीतून आली आहे हे खरं, पण ती भीती आजोबांची आहे आणि सिनेमा ती आजोबांचीच ठेवतो. अंधत्वानंतरचं शिक्षण, ब्रेल, शाळा यांबद्दल तो जवळजवळ काही बोलत नाही. ही उणीव आहेच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ने, तोही २००४चाच, स्किझोफ्रेनिया झालेल्या शेष आणि त्याची बहीण सीना यांच्याबरोबर आजारानंतरच्या लांब, कंटाळवाण्या, रोजच्या काळात राहण्याचं धैर्य दाखवलं. तसं काही परश्याबाबत व्हायला हवं होतं.

तरी एक शंका उरते. परश्या नाही म्हणू शकत नाही. नाही म्हटलं तर जीव जाईल. मग उत्तर ठरलेलं असताना प्रश्न विचारण्याचा आव कशाला? त्यापेक्षा भूल देऊन झोपवावं आणि जागा झाल्यावर सावरावं, हे दयाळूपणाचं नाही का? मला वाटतं, या शंकेचं उत्तर त्या पळून जाण्याच्या दिवसात आहे. सांगितलं नसतं तर तो दिवस एक साधी सहल ठरला असता, मुलाच्या आठवणीत इतर दिवसांत मिसळून गेला असता. कळल्यामुळे त्या दिवसात पाहिलेली प्रत्येक वस्तू मुद्दाम पाहिलेली आहे. निर्णय परश्याचा नव्हता, पण त्या आधीचे तास त्याचे झाले. न सांगता झोपवलं असतं तर जागं झाल्यावर त्याने पहिला प्रश्न आजोबांना विचारला असता, आणि त्यानंतर आजोबांच्या कोणत्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला असता? दिसत नसलेल्या माणसाला तर शब्दावरच जगायचं असतं. डोळ्यांआधी विश्वास काढून घेतला तर मागे उरणार काय? दोघे परत येतात तेव्हा डॉक्टर साने भडकतात. रुग्ण असा इस्पितळातून नाहीसा झाला तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा संताप रास्त आहे. मुलाला कळू द्या असा आग्रह धरणाऱ्या माणसालाही कळण्यानंतर काय काय करावंसं वाटतं याचा अंदाज नव्हता, हे त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. शस्त्रक्रिया होते. शेवटी परश्या काळा चष्मा घालून होडीतून गावाकडे निघालेला असतो आणि काठ जवळ आला की मोठ्याने हाक मारतो.